वाफेची इंजिनं किती दुरुस्त करायची? मोजकी माणसं, मर्यादित पैसा आणि नाशिकचा हिशेब

जुनं वाफेचं इंजिन वाचवायची इच्छा असलेले गट हल्ली ठिकठिकाणी दिसतात आणि नाशिकमध्ये तर ती इच्छा असायलाच हवी. थळ घाटातून रेल्वे 1865 च्या सुमारास इगतपुरीला पोचली. 37 फुटांत 1 फूट अशा चढावर गाडीला मागून दुसरं इंजिन लावून ढकलावं लागायचं. 1930 च्या आसपास घाटात वीज आली, पण इगतपुरीच्या पुढे नाशिकरोड, मनमाड, भुसावळपर्यंत साठच्या दशकातही वाफ होती. मनमाडहून औरंगाबादकडे जाणारी मीटरगेज लाईन तर नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज झाली. म्हणजे या जिल्ह्यात वाफेचं इंजिन डोळ्यांनी पाहिलेली, त्याच्या फूटप्लेटवर (ड्रायव्हर उभा राहतो त्या जागेवर) उभी राहिलेली माणसं अजून आहेत.

अशा गटापुढे लवकरच एक प्रश्न येतो. कुठल्या कारखान्याच्या आवारात दोन छोटी इंजिनं पडून आहेत, कुठल्या चौथऱ्यावर एक मोठं आहे, आणखी एकाचा भंगारात लिलाव होणार आहे. मिळतील ती सगळी घ्यायची का? त्यातली किती चालती करायची? माझं उत्तर आधीच सांगतो: लहान गटाने एकच इंजिन वाफेवर आणावं, एक-दोन नीट जतन करून बघण्यासाठी ठेवावीत आणि बाकीच्यांना दुसरं चांगलं घर शोधून द्यावं. हे उत्तर कशावरून काढलं, ते पुढे सविस्तर लिहितो. तुमचे आकडे वेगळे असतील तर उत्तरही वेगळं येईल.

सगळ्यात आधी छप्पर

कुठलं इंजिन निवडायचं यावर बैठका सुरू होण्याआधी जी इंजिनं ताब्यात आहेत त्यांच्यावर छप्पर घाला. इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. नाशिक शहरात तो बराच कमी असला तरी उघड्या धुराड्यातून पाणी आत जायला तेवढाही पुरतो. धुराड्यातून आलेलं पाणी स्मोकबॉक्सच्या (धुराड्याखालच्या पेटीच्या) तळाशी साचतं, तिथल्या जुन्या राखेत मिसळतं आणि तो चिखल पत्रा खात राहतो. धुराड्यावर पत्र्याचं झाकण, बॉयलर आणि टाक्यांमधलं पाणी पूर्ण काढून टाकणं, फायरबॉक्स (कोळसा जळतो ती पेटी) आणि स्मोकबॉक्समधली राख झाडून काढणं, उघड्या रॉड्सना आणि पिस्टनच्या दांड्यांना ग्रीस. या कामाला फार पैसा लागत नाही. एक पावसाळा असा निभावून नेला की निवड करायला वेळ मिळतो.

दुसरी घाई कुलपाची. पितळी आणि तांब्याचे भाग आधी चोरीला जातात: इंजेक्टर (बॉयलरमध्ये पाणी भरणारा भाग), गेजग्लासचे (पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेचे) कॉक, शिट्टी, नंबरप्लेट. 1855 साली बांधलेली ‘फेअरी क्वीन’ (हेही वाफेचं इंजिनच) 1997 मध्ये पुन्हा धावू लागली, गिनीज बुकात गेली, तरी 2011 मध्ये तिचेही भाग चोरीला गेले आणि दुरुस्तीसाठी तिला चेन्नईतल्या पेरांबूरच्या लोको वर्कशॉपमध्ये न्यावं लागलं. सुटे होणारे भाग काढा, फोटो घ्या, प्रत्येकाला धातूचं लेबल बांधा आणि कुलपात ठेवा.

प्रत्येक इंजिनाची एक वही

आता तपासणी. दर इंजिनाला स्वतंत्र वही घाला. मालकी कोणाची, कागद कोणते, गेज (दोन रुळांमधलं अंतर) किती, बांधणी कोणाची, काय आहे, काय नाही. रॉड्सवर, व्हॉल्व्हगिअरवर (वाफेच्या झडपा हलवणाऱ्या भागांवर) ठोकलेले नंबर टिपून घ्या. पुष्कळदा एका इंजिनावर दुसऱ्याच इंजिनाचे भाग निघतात. त्यात वाईट काही नाही, शेडमध्ये असं रोज व्हायचं. पण ते माहीत असलं पाहिजे.

वहीची निम्मी पानं मात्र बॉयलरसाठी ठेवा. चाकं, रॉड, सिलिंडर, ॲक्सलबॉक्स ही सगळी कामं नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतल्या चांगल्या मशीनशॉपमध्ये होऊ शकतात. घिसलेल्या बेअरिंगमध्ये व्हाइटमेटल (बेअरिंगचा मऊ मिश्रधातू) पुन्हा ओतता येतं, सिलिंडरला लायनर घालता येतो, पॅटर्न (साच्यासाठीचा नमुना) करून ओतकाम मिळतं. बॉयलर गेला असेल तर इंजिनाचं सगळं गणितच बदलतं. म्हणून निवड बॉयलर पाहून करायची. रंग, आकार, प्रसिद्धी नंतर.

पाहायचं कसं? फायरबॉक्स म्हणजे पेटीत पेटी. आतली पेटी आणि बाहेरचं आवरण यांच्यामध्ये पाणी असतं आणि दोन्हींना शेकडो स्टे (छोट्या दांड्या) धरून ठेवतात. फायरहोलमधून (कोळसा टाकायच्या तोंडातून) आत उतरायचं, खडूने दर ओळीला नंबर टाकायचे आणि छोट्या हातोडीने एकेक स्टे वाजवायचा. शक्य असेल तिथे बाहेरच्या बाजूने दुसऱ्याने जड हातोडी टेकवून धरायची. चांगला स्टे खणखणीत वाजतो आणि हातोडी उसळी घेते. तुटलेला बद्द वाजतो, हातोडी मेल्यासारखी बसते. दहा-बारा स्टे वाजवले की नवख्यालाही फरक कळू लागतो. तुटलेले स्टे विखुरलेले असतील तर फार घाबरू नका. एकाच कोपऱ्यात, विशेषतः वरच्या ओळींत, पाठोपाठ निघाले तर त्या भागाच्या पत्र्याकडे संशयाने पाहा. मग वॉशआउट प्लग (बॉयलर धुण्यासाठीची बुचं) काढून बॅटरीच्या उजेडात दोन्ही पेट्यांना तळाशी जोडणारी फाउंडेशन रिंग पाहा. तिच्या चारही कोपऱ्यांत गाळ बसतो आणि त्या गाळाखाली पत्रा पातळ होतो. बाहेरून रंग लावलेलं इंजिन कितीही देखणं दिसत असलं तरी इथे काय आहे यावर त्याचं भवितव्य ठरतं.

यानंतर अल्ट्रासोनिक जाडीमापक. दर वीतभर अंतरावर खडूने चौकट आखून प्रत्येक छेदावर जाडी घ्या आणि नकाशासारखी वहीत मांडा. नाशिकच्या औद्योगिक वसाहतींमध्ये हे काम करणाऱ्या तपासणी संस्था सहज मिळतात. एका दिवसाची फी देऊन तुम्ही पुढचा मोठा फटका टाळता. हा खर्च कधीही वाचवू नका.

एक सावधगिरी: बॉयलरवरच्या पत्र्याखाली उष्णता अडवणारा जो थर असतो त्यात जुन्या इंजिनांमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. नमुना प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय तो खरवडू नका आणि झाडू तर अजिबात मारू नका.

धावणार कुठे?

गेजचा प्रश्न भावनेच्या भरात मागे पडतो, म्हणून तो वेगळा काढला. आपल्याकडे चार गेज संभवतात: ब्रॉडगेज 1676 मिलिमीटर, मीटरगेज 1000, नॅरोगेज 762 आणि 610. ब्रॉडगेज इंजिन तुमच्या ताब्यात आलं तरी ते चालवायला मुख्य लाईन रेल्वेची आहे. तिथे रेल्वेची परवानगी, रेल्वेचे कर्मचारी आणि रेल्वेचे नियम. देशात ब्रॉडगेजची वाफेची इंजिनं चालती ठेवण्याचं काम हरियाणातल्या रेवाडीच्या शेडमध्ये होतं, पण त्यामागे खुद्द रेल्वे उभी आहे. स्वयंसेवी गटाने ब्रॉडगेजचं स्वप्न पाहावं ते रेल्वे भागीदार असेल तरच.

मीटरगेजची अडचण मनाला लागणारी आहे. मनमाडच्या आठवणीशी सगळ्यात जवळचं इंजिन म्हणजे वायपी किंवा वायजी या मीटरगेजच्या प्रकारांतलं. पण ते चालवायला जवळपास मीटरगेजचा एक किलोमीटरही उरलेला नाही. स्वतःची लाईन टाकायची तर एवढ्या वजनाच्या इंजिनाला जड रूळ, मोठी वळणं आणि भरपूर जमीन लागते. माझ्या मते असं इंजिन मिळालं तर ते जिल्ह्याच्या इतिहासासाठी जरूर घ्यावं, उत्तम छपराखाली ठेवावं, पायऱ्या लावून लोकांना ड्रायव्हरच्या जागी उभं राहू द्यावं, पण त्यात वाफ भरण्याचा हट्ट धरू नये.

नॅरोगेजचं छोटं टँक इंजिन (पाण्याची टाकी अंगावरच असलेलं) हा चालवण्यासाठी खरा उमेदवार. हलके रूळ, घट्ट वळणं, कमी कोळसा, आणि बॉयलर ट्रकवर घालून दुरुस्तीला नेता येतो. कोणी म्हणेल की त्याचं नाशिकशी नातं काय? एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने बार्शी लाईट रेल्वे ही नॅरोगेज लाईन उभारण्याआधी 1889 मध्ये नाशिकरोड स्टेशन ते नाशिक शहर या नॅरोगेज ट्रामवर काम केलं होतं. ती ट्राम घोडे ओढत, वाफ नव्हे. त्यामुळे ‘नाशिक ट्रामचं इंजिन’ अशी पाटी लावून खोटा इतिहास रचू नका. नॅरोगेजचं नातं मात्र खरं आहे आणि ते सांगण्यासारखं आहे.

तासांचा हिशेब

आता मूळ प्रश्न. किती दुरुस्त होतील हे विचारू नका. दर वर्षी किती चालती ठेवता येतील ते विचारा. ब्रिटनमधल्या जतन रेल्वेंवर साधारण दहा वर्षांचं चक्र पाळतात. बॉयलर एकदा पूर्ण खोलून, तपासून, दुरुस्त करून चढवला की दहा वर्षांनी पुन्हा उतरवायचा. म्हणजे इंजिन चालतं केलं तेव्हाच पुढच्या ओव्हरहॉलची तारीख ठरली.

उदाहरण घेऊ. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, तुम्ही तुमचे घाला. बारा कार्यकर्ते, महिन्यातून दोन रविवार, दर रविवारी सहा तास, वर्षातले दहा महिने. 12 × 2 × 6 × 10 म्हणजे 1440 तास. यातला एक तृतीयांश हत्यारं काढणं-ठेवणं, शिकवणं, साफसफाई आणि पाहुण्यांना माहिती देणं यात जातो. उरले 960. छोट्या इंजिनाच्या पहिल्या दुरुस्तीला 6000 तास लागतात असं धरा (बाहेर दिलेलं बॉयलरचं काम सोडून). 6000 भागिले 960, सव्वासहा वर्षं.

दोन इंजिनं एकदम खोलली तर? साडेबारा वर्षं एकही चालणार नाही. बारा वर्षं नुसते सुटे भाग पाहून किती माणसं येत राहतील? देणगीदार किती थांबतील? म्हणून एकापाठोपाठ एक.

पण एकापाठोपाठ एक केलं तरी पहिलं इंजिन चालू झालं की त्याची देखभाल सुरू होते. बॉयलरमधल्या धुराच्या नळ्या (ट्यूब) साफ करणं, बॉयलर धुणं, ब्रेक, तेलपाणी, वार्षिक तपासणी. वर्षाला 300 तास धरू. उरलेल्या 660 तासांत दुसरं इंजिन पूर्ण व्हायला नऊ वर्षांहून थोडं जास्त. म्हणजे दुसरं चालू होईल सव्वापंधरा वर्षांनी आणि सव्वासोळा वर्षांनी पहिल्याचा बॉयलर उतरवावा लागेल. दोन इंजिनं एकत्र चालण्याचा आनंद जेमतेम वर्षभर.

कायमचा हिशेब असा: दुसऱ्या वेळचं ओव्हरहॉल पहिल्याच्या निम्म्यात होतं असं धरलं तर दहा वर्षांत 3000 तास, म्हणजे वर्षाला 300. त्यात देखभालीचे 300. एक चालतं इंजिन म्हणजे वर्षाला 600 तास. तुमच्याकडे 960. भागाकार 1.6 येतो. तो 2 धरायचा नाही, 1 धरायचा. दोन चालती ठेवायची तर 1200 उपयोगी तास हवेत, म्हणजे याच हिशेबाने पंधरा माणसं, आणि ती दहा-दहा वर्षं टिकणारी.

माणसं मोजताना डोकी मोजून भागत नाही. ट्यूब विस्तारून बसवणारा, स्टे बदलणारा, दाबाच्या भांड्याचं वेल्डिंग प्रमाणपत्रासह करणारा, अशी दोन-तीन माणसं सगळा वेग ठरवतात. देशातली ब्रॉडगेजवरची नियमित वाफ डिसेंबर 1995 मध्ये थांबली. तेव्हा पंचविशीत असलेला फिटर आता पन्नाशी ओलांडून गेला आहे. मनमाड, इगतपुरी, भुसावळच्या निवृत्त कर्मचाऱ्यांच्या घरी जा, त्यांना मानाने बोलवा, प्रवासखर्च द्या आणि शेजारी आयटीआयची मुलं बसवा. उष्णतेच्या आणि दाबाच्या कामाची सवय असलेले लोक एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रामुळेही आपल्या शहरात आहेत. त्यांचा लोको बॉयलरशी परिचय नसेल, पण शिस्त तीच.

पैशाचा हिशेब

पैशाचा हिशेबही तसाच करा, फक्त उलट बाजूने. समजा पुढच्या ओव्हरहॉलला 60 लाख लागतील आणि वर्षाला 25 दिवस वाफ भरणार. दहा वर्षांत 250 दिवस. दर वाफेच्या दिवशी 24,000 रुपये फक्त पुढच्या ओव्हरहॉलसाठी बाजूला पडले पाहिजेत. दोनशे रुपयांचं तिकीट असेल तर पहिले 120 प्रवासी यातच गेले. कोळसा, विमा, पगार त्यानंतर. हा निधी वेगळ्या खात्यात ठेवा आणि विश्वस्तांच्या ठरावाशिवाय त्याला हात लागू देऊ नका.

अंदाजाच्या वर किती ठेवायचं? भरपूर. इंग्लंडच्या ‘फ्लाइंग स्कॉट्समन’चं काम 2006 मध्ये सुरू झालं, इंजिन 2016 मध्ये धावलं आणि खर्च 42 लाख पौंडांवर गेला. तिथे राष्ट्रीय संग्रहालय पाठीशी होतं. तुमच्या पाठीशी देणगीदार आहेत. बॉयलर पूर्ण उघडून तपासल्याशिवाय कोणालाही पक्का आकडा सांगू नका. पैसे दोन टप्प्यांत मागा: पहिला टप्पा फक्त खोलणे आणि तपासणी, दुसरा दुरुस्ती. पहिल्यानंतर थांबण्याचा निर्णय झाला तर तो अपयश मानू नका. कंपनी कायदा 2013 च्या सातव्या परिशिष्टात राष्ट्रीय वारशाच्या जतनाचा समावेश आहे, त्यामुळे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीसाठी (सीएसआर) अर्ज करता येतो. पण कंपन्या सहसा एकदाच देतात. एकदाच मिळणाऱ्या पैशातून छप्पर, पिट (इंजिनाखाली उतरून काम करायचा खड्डा), क्रेन, लेथ घ्या. दर वर्षीचा खर्च दर वर्षी येणाऱ्या पैशातूनच भागला पाहिजे.

बॉयलरचा कायदा

खासगी संस्थेचा बॉयलर नोंदणी आणि प्रमाणपत्राशिवाय पेटवता येत नाही. 1923 च्या कायद्याची जागा आता 2025 च्या बॉयलर कायद्याने घेतली आहे आणि राज्यात हे काम बाष्पके संचालनालय पाहतं. रेल्वेच्या ताब्यातल्या इंजिनांची व्यवस्था वेगळी असते. इंजिन घेण्याआधीच निरीक्षकांना भेटा. जुन्या बॉयलरची मूळ कागदपत्रं नसतील, पत्र्याचा दर्जा सिद्ध करता येत नसेल तर काय लागेल ते तेव्हाच कळेल. कागद नसलेल्या दोन बॉयलरपेक्षा कागद असलेला, थोडा घिसलेला एक परवडतो. पाण्याची सोयही आत्ताच पाहा. बोअरचं जड पाणी तसंच भरलं तर ट्यूबवर क्षार बसतो आणि बॉयलर लवकर उतरवावा लागू शकतो. पाणी मृदू करण्याचं यंत्र खर्चाच्या यादीत घाला.

बाकीच्या इंजिनांचं काय?

वेल्समधल्या बॅरीच्या भंगार आवारात ब्रिटिश रेल्वेची 297 वाफेची इंजिनं आली आणि त्यातली 213 जतन करणाऱ्यांनी सोडवली. जतनाच्या इतिहासातली ही मोठी गोष्ट आहे. पण त्यातली कित्येक नंतर दशकानुदशकं कुठल्या कुठल्या सायडिंगवर गंजत उभी राहिली. सोडवणं एका मोहिमेत होतं, दुरुस्तीला आयुष्य जातं.

म्हणून जे चालवायचं नाही त्याचा निर्णय स्पष्ट लिहा. एक, बघण्यासाठी जतन: छप्पर, गंज काढणं, योग्य रंग, पाटी. दोन, राखीव: दहा-पंधरा वर्षांनी विचार करू, तोपर्यंत कोरडं, तेल लावलेलं, सहा महिन्यांतून एकदा थोडं पुढेमागे सरकवलेलं. तीन, दुसऱ्या संस्थेला. सुट्या भागांसाठी इंजिन मोडायचं असेल तर त्याच बनावटीचं दुसरं चालतं करायचं असेल तेव्हाच आणि काढलेला प्रत्येक भाग वहीत नोंदवून. एकाच बनावटीची दोन इंजिनं चार वेगवेगळ्यांपेक्षा कितीतरी कामाची: एकच नकाशे, एकच पॅटर्न, एकाच मापाच्या ट्यूब.

नाही म्हणणं जड जातं, विशेषतः समोरचा माणूस आजोबांच्या कारखान्यातलं इंजिन फुकट देत असतो तेव्हा. त्याला बोलवा, वही दाखवा, हा भागाकार दाखवा. इंजिनावर प्रेम करणारा माणूस हे समजून घेतो. फुकट मिळालेल्या इंजिनाला ट्रेलर, क्रेन आणि छप्पर फुकट मिळत नाही, हेही त्याला सांगा.

तारखेचा दबाव

2027 चा सिंहस्थ जवळ आला की ‘त्याआधी इंजिन धावलं पाहिजे’ असं कोणीतरी म्हणेलच. इतके लोक नाशिकला येणार, लोकांना दाखवण्यासारखं काही हवं, हे मला पटतं. पण बॉयलरचं काम सणाच्या तारखेला बांधू नका. तारखेसाठी स्टे तपासायचे राहिले, हायड्रॉलिक चाचणी (पाण्याच्या दाबाने बॉयलर तपासणं) घाईत उरकली, तर त्याची किंमत फूटप्लेटवर उभ्या असलेल्या माणसाला मोजावी लागते. अशा तारखेसाठी प्रदर्शनातलं इंजिन तयार करा: घासूनपुसून, रंगवून, दिवे लावून. लोक त्याच्याभोवतीही आनंदाने उभे राहतात, मुलांना शिट्टीची दोरी ओढायला मिळाली की पुरतं.

शेवटचं काम कागदावरचं. पहिल्या इंजिनाचा नटबोल्ट सैल करण्याआधी विश्वस्तांच्या बैठकीत एक ठराव करून घ्या की दुसरं इंजिन केव्हा खोलायचं. माझ्या मते अटी अशा असाव्यात: पहिल्या इंजिनाने सलग दोन मोसम वाफेवर काढलेले असावेत, ओव्हरहॉल निधीत त्या दोन वर्षांचा वाटा पूर्ण जमा असावा, सलग दोन वर्षं 1200 उपयोगी तास प्रत्यक्ष भरलेले असावेत आणि बॉयलरचं काम स्वतंत्रपणे करू शकणारी किमान दोन नवी माणसं तयार झालेली असावीत. तासांची नोंद हजेरीच्या वहीत सहीसह घ्या. अंदाजाने लिहिलेले तास धरू नका. चारपैकी एक अट जरी अपुरी असेल तर दुसऱ्या इंजिनाचा विषय पुढच्या वार्षिक सभेवर ढकलावा आणि त्या वर्षाचं छपराचं, तेलाचं काम नीट करावं.